मागची ओवाळणी

परवा भरदुपारी आमच्या गल्लीतून भोंग्याचा ऑटो गेला. "बहिणींनो, तुमच्या भावाची ओवाळणी..." एवढं कानावर पडलं आणि मी शिलाई मशीनवरून उठून खिडकी धाडकन लावून घेतली. ब्लाउजचं माप द्यायला आलेली शेजारची सून हसायला लागली. "काहो काकू, पैसे नोको काय तुमाले?"

पैसे पाहिजेत की. का नको? सरकार देईल ते घ्यावं, मीही घेते, रांगेत उभी राहून घेते. आपल्याच खिशातलं फिरून येतं, त्यात लाज कसली. पण त्याला ओवाळणी म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात सणक जाते. यवतमाळात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण माझ्या घरात अजून कापसाची गादी नाही. सगळं फोमचं. पाहुणे विचारतात, कापसाच्या जिल्ह्यात राहून असं कसं? मी म्हणते, मला चालत नाही. कोण सांगत बसणार सगळ्यांना! आज मात्र सांगून टाकते.

आमचं गाव राळेगावकडचं. गाव म्हणजे मायचं गाव, बाबांचं नव्हे. माय एकुलती एक. तिला भाऊ नव्हता, म्हणून आजोबांचं वावर तिच्याच नावावर झालं आणि बाबा घरजावई होऊन आले. गावातले लोक त्यांना चिडवायचे. ते स्वतःच आधी म्हणून मोकळे व्हायचे, "माल तिचा, मी हमाल." चिडायचे नाहीत. बिडी ओढत हसायचे. पण एक खरं, की वावरातल्या मालाचं काय करायचं हे माय ठरवायची आणि बाबा त्यात बोलायचे नाहीत. ती रीतच पडून गेली होती.

भाऊ नसल्याचं दुःख मायनं कधी बोलून दाखवलं नाही. भाऊबीजेला मात्र दिसायचं. गावातल्या बाया नवी लुगडी नेसून एसटीनं माहेरी जायच्या, नाहीतर त्यांचे भाऊ सायकलवर पिशव्या अडकवून यायचे. आमच्या घरी कोणी येत नसे. मग संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, माय पितळेचं ताट घेऊन अंगणात यायची. बीजेची कोर निंबाच्या मागे टेकलेली असायची, लगेच बुडणारी. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, अशी चाल आहे. माय ओवाळायची, अक्षता वर टाकायची, त्या तिच्याच डोक्यावर पडायच्या. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. एकदा मी विचारलं, "माय, चंद्र ओवाळणी काय देते?" ती म्हणाली, "दिसते, थे काय कमी हाय?"

तर ते कापसाचे वाईट दिवस. पीक बरं आलं तरी भाव नाही, आणि भाव नाही म्हणून माणसं जीव देत होती. आमच्या पंचक्रोशीत आठवडा जायचा नाही की कुठून तरी बातमी यायची. मग मुंबई-दिल्लीच्या गाड्या यायला लागल्या. पांढऱ्या गाड्या, मागे धूळ, धुळीत पत्रकार. रोज नवीन पॅकेज. बाबा म्हणायचे, "खोका लय मोठा दिसून राह्यला बाप्पा. आत भुसा नसला म्हंजे झालं." मायला असलं बोलणं आवडत नसे. ती म्हणायची, "तुमाले कोनाचं चांगलं दिसतच नाई."

त्या वर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचणीचे पहिले दोन वेचे घरात आल्यावर, तालुक्याला मोठी सभा झाली. साहेब येणार होते. साहेब कोण ते सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. त्या खुर्चीवर नंतर दुसरे आले, तेही साहेबच. कार्यकर्त्याला औक्षणासाठी पाच सुवासिनी हव्या होत्या. तो आमच्या दारात आला आणि मायला म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे पितळेचं ताट हाय नं? चाला." माय एवढ्यावर तयार झाली. मीही मागे लागून ट्रकमध्ये बसले.

मंडपात खालून मला सगळं दिसत होतं. माय ताट घेऊन स्टेजवर चढली. निरांजनातली वात तिनं घरच्या कापसाची वळली होती, नव्या वेच्यातल्या. तिनं साहेबांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं आणि ताट धरून उभी राहिली. बाकीच्या चौघी मागे सरकल्या, ती सरकलीच नाही. ओवाळल्यावर ताटात काहीतरी पडतं, हे तिला ठाऊक होतं. साहेबांनी खिसे चाचपले. खिशात काही नसावं. मोठ्या माणसांच्या खिशात नसतंच. मग त्यांनी माइक ओढला आणि म्हणाले, "ताई, या भावाकडे आज द्यायला काही नाही. पण तुमची ओवाळणी कबूल करतो. होळीच्या आत तुमच्या कापसाला हवा तो भाव देतो. तोवर कापूस विकू नका. आणि घरात ठेवायला जागा नसेल, तर तुमच्या गावात गोदाम बांधून देतो. भावाचा शब्द आहे!"

टाळ्यांचा पाऊस पडला. माय स्टेजवरून उतरली ती वेगळीच बाई होऊन उतरली.  घरी आल्यावर तिनं ताट घासलं नाही, कुंकवासकट फळीवर ठेवलं. बाबांनी विचारलं, "काय म्हने साहेब?" ती म्हणाली, "कापूस इकाचा नाई. भावानं सांगतलं हाय."

बाबांनी बिडी विझवली. "अवं, थो सभेतला मानूस. रोज पन्नास बायायले ताई म्हनते."

"मंग? ओवाळून घेतलं नं माह्या हातानं? ओवाळलेला मानूस खोटा कायले बोलन?"

 तुम्ही हसाल, पण आमच्याकडे हे असंच आहे. ज्याला बाईनं ओवाळलं, तो भाऊ झाला. दुकानदार असो की एसटीचा कंडक्टर, एकदा ताट फिरलं की तो जन्माचा बांधला. आणि भावानं ओवाळणी कबूल केल्यावर बहिणीनं परस्पर माल विकून टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर ताट उलटं करणं. मायचं सगळं गणित इथं होतं. व्यापारी काय देतो न देतो, ते तिनं ऐकलंच नाही.

मग आम्ही कापूस घरात भरायला लागलो. वेच्यामागून वेचा येत होता आणि आमचं घर दोन खोल्यांचं. आधी मागची खोली भरली. मी आणि बाबा आत शिरून कापूस तुडवायचो, म्हणजे जास्त मावतो. तुडवता तुडवता आपण वर वर जातो आणि शेवटी आढ्याला डोकं लागतं. मागची खोली झाली, मग पुढची. दारातून आत जायला एक बोळ तेवढा ठेवला. रात्री आम्ही कापसावरच झोपायचो. पहिले चार दिवस मजा वाटली, राजाच्या पलंगावर झोपल्यासारखं. नंतर अंगाला खाज सुटली. आंघोळ केली तरी जायची नाही. मांजरीनं कापसात पिल्लं घातली, ती कुठं घातली तेच सापडेना. आगीच्या भीतीनं चूल अंगणात गेली, कंदील बंद झाला, आणि बाबांना बिडी ओढायला पार नालीपर्यंत जावं लागायचं. ते जाताना म्हणायचे, "घरजावई होतो, आता घराबाहेरचा जावई झालो."

आणि माय खोकायला लागली.

आधी कोरडा खोकला. मग सकाळी उठल्यावर छातीत शिट्टी वाजायला लागली. तिला लहानपणापासून थोडा दम्याचा त्रास होता, पण पावसाळ्यापुरता. आता बारीक तुसं हवेत तरंगत असायची. दारातून ऊन आत आलं की दिसायची, आणि ती सगळी तिच्या छातीत जात होती. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, आमच्या कपड्यांवरची तुसं पाहिली आणि एकच विचारलं, "घरात कापूस आहे का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "औषध देतो, पण औषध कापूस बाहेर काढणं हेच आहे." येताना एसटीत माय खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी म्हटलं, "माय, इकून टाकू." ती म्हणाली, "होळीलोक थांब. इतके दिवस निंगाले, आखीन थोडे."

आणि गोदाम? गोदाम झालं बरं का! इथंच माझं डोकं फिरतं. नुसतीच थाप असती तर माणूस हसून सोडून देतो. पण सरकारनं पैसा खरंच खर्च केला. संक्रांतीच्या आधी सिमेंटच्या गाड्या आल्या. गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर पाया खणला. पत्रे आले, लोखंड आलं, निळा रंग आला. माय रोज अंगणातल्या दगडावर बसून तिकडे पाहायची. भिंत वर आली की तिच्या तोंडावर तेज यायचं. बाबांना म्हणायची, "पाहा. तुमी भुसा म्हनत होते." बाबांनी कान पकडले. खरंच पकडले, मी पाहिलं. "चुकलं व माय माझं," म्हणाले. त्या संध्याकाळी आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी हसू झालं. मायला हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना, तेव्हा हसू संपलं.

होळीच्या आधी गोदाम पुरं झालं. दरवाज्याला कुलूप लागलं. बाबा चार माणसं घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. सांगितलं, आमचा माल घरात आहे, बायकोला श्वास घेता येत नाही, उघडून द्या. तिथला साहेब, म्हणजे लहान साहेब, चांगला माणूस होता. त्यानं बसायला खुर्ची दिली. पण म्हणाला, "उद्घाटन झाल्याशिवाय कसं उघडू? मोठ्या साहेबांची तारीख मिळालेली नाही."

बाबा परत आले आणि नालीकडे बिडी ओढायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी मागे गेले तर नुसते उभे होते, बिडी पेटवलेलीच नव्हती. म्हणाले, "कोरं करकरीत हाय. आपल्या घरातून दिसते. अन् तुही माय..." 

होळी झाली. भाव आला नाही. पेपरात आलं की विचार सुरू आहे. मग आलं की समिती नेमली. माय म्हणाली, पाडवा पाहू. पाडवा झाला. माय म्हणाली, अक्षय तृतीया पाहू. साहेबांची तारीख पुढे जात होती, तशी मायची तारीखही पुढे जात होती. मी भांडायचे तिच्याशी, वाट्टेल ते बोलायचे. एकदा म्हटलं, "थो तुले वळखत तरी असन का? तुह्यासारखी नऊवारीतली बाई त्यानं काल पाह्यली का आज, त्याले काय माहीत!" ती शांतपणे म्हणाली, "मले माहीत हाय नं." या बाईपुढे कोण जिंकणार?

उन्हाळा चढला. कापूस पिवळा पडायला लागला. वरून पांढरा दिसायचा, हात घातला की आत पिवळा आणि कोरडा. पत्र्याखाली घर भट्टीसारखं तापायचं. माय आता घरात झोपूच शकत नव्हती, अंगणात बाजेवर उशांना टेकून बसायची, बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. गावातले पुष्कळ लोक मधल्या काळात माल विकून मोकळे झाले होते. ज्यांनी कोणाला ओवाळलं नव्हतं, त्यांना वाट पाहायचं कारणही नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी माय आत लोटी आणायला गेली आणि त्या बोळातच खाली बसली. मी धावले. तिचे ओठ निळे पडले होते, डोळे मोठे झाले होते, ती तोंड उघडून हवा ओढत होती आणि हवा आत जात नव्हती. बाबांनी तिला उचलून निंबाखाली आणलं. बऱ्याच वेळानं श्वास लागला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं आणि न विचारता निघून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मायला न विचारता केलेली ती एकच गोष्ट. ते गावातून बैलबंड्या घेऊन आले. तोंडाला उपरणं बांधलं आणि कापूस बाहेर ओढायला लागले. मीही शिरले. मांजरीची पिल्लं कापसाच्या पार तळाशी सापडली, वाळलेली.

 माय बाजेवरून पाहत होती. शेवटची बंडी भरली तेव्हा तिनं हात वर केला. मला वाटलं, थांबवते की काय. पण ती एवढंच म्हणाली, "ओंजळभर ठेवा. वातीले होईन." मी ठेवला.

जिनिंगच्या कारखान्यावर बाबांना काय मिळालं, ते सांगण्यात अर्थ नाही. पिवळा माल पाहून तिथला माणूस म्हणाला, "एवढे दिवस घरात कायले ठेवला, काका?" बाबा म्हणाले, "साल्यानं सांगतलं होतं." तिथले सगळे हसले म्हणे. त्यांना वाटलं शिवी दिली. बाबा बिचारे बायकोच्या भावाबद्दल बोलत होते.

पावसाळा गेला आणि दिवाळीच्या तोंडावर साहेबांची तारीख मिळाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. गोदामात ठेवायला गावात बोंडभर कापूस नव्हता, नवा अजून वावरात होता. पण मंडप पडला, फुगे लागले. कार्यकर्ता पुन्हा दारात. "मावशी, मागच्या वेळेस पेपरात तुमचाच फोटो आलता. साहेबाले तुमीच ओवाळा." मी त्याला हाकलायलाच निघाले होते, पण माय उठली. फळीवरचं ताट काढलं. त्यावर आधीचं कुंकू तसंच वाळलं होतं. ते तिनं या वेळी घासलं, राख लावून लख्ख घासलं. ओंजळभर ठेवलेल्या कापसातली वात वळली. पिवळी होती, पण पेटली.

स्टेजला चार पायऱ्या असतील. ती दोनदा थांबली. साहेबांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं.  आणि मागच्यासारखीच ताट धरून उभी राहिली. समोर माइक होता, म्हणून तिचं बारीक बोलणंही सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "दादा, मागची ओवाळणी राह्यली."

साहेबांना काही उमगलं नाही. ते शेजारच्याकडे वळले, शेजारच्यानं कानात काहीतरी सांगितलं. मग ते मोठ्यांदा हसले. "ताईंची ओवाळणी राहिली म्हणे!" सगळा मंडप हसला. कोणीतरी मागून एक नोट पुढे केली, ती त्यांनी ताटात टाकली, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या. माय नोटेकडे पाहत उभी राहिली. तिला वाटलं होतं, तो खाली मान घालेल. निदान एवढं तरी म्हणेल, की ताई, जमलं नाही. भाऊ म्हणतो असं. त्याचंही चालतं बहिणीला.

त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही. भाव दिला नाही, ते एक वेळ समजू शकते. बाजार काय, दुनिया काय, त्याच्या हातात नसेल. गोदाम बंद ठेवलं, तेही गिळते. पण बाई ओवाळणी मागते आहे आणि तू हसतोस? आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर हसणंही बायजीचंच.

फीत कापली. साहेब गेले, आणि त्यांच्यामागे गोदामाला पुन्हा कुलूप लागलं. ते कोणत्या खात्याकडे द्यायचं, हे म्हणे ठरायचं होतं. मी लग्न होऊन गाव सोडलं तेव्हाही ते ठरलेलं नव्हतं. पुढे तिथं मधमाश्यांनी पोळी लावली. नोट मायनं येताना देवळाच्या पेटीत टाकली. 

चार-पाच दिवसांनी भाऊबीज आली. नवा कापूस बाबांनी त्या वर्षी घरात आणलाच नाही. बांधावरच गाडी बोलावून देऊन टाकायचं ठरलं होतं. घर झाडून-सारवून मोकळं होतं. संध्याकाळी माय ताट घेऊन अंगणात आली. मी म्हटलं, "राहू दे या वर्षी." तिनं ऐकलं नाही. कोर निंबामागे टेकली होती. तिनं ताट उचललं, एक फेरा केला आणि तिचा दम भरून आला. ताट वाकडं व्हायला लागलं. मी खालून हात लावला आणि दोघींनी मिळून उरलेले फेरे पुरे केले. अक्षता तिनं टाकल्या, त्या आमच्या दोघींच्या डोक्यावर पडल्या.

तिनं कोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाच बरा."

"काहून?"

"देतो म्हनत नाई."

कोर बुडाली तशा आम्ही आत गेलो. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या, दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि तरी मायला श्वास पुरत नव्हता.